दुरुस्तीचेही प्रमाणपत्र हवे

महोदय,
दहावीची परीक्षा संपली की मुलांना एमएस-सीआयटीला घालायची आपल्याकडे रीतच पडली आहे. तिथे संगणक वापरायला शिकवतात, बंद पडलेला उघडायला नाही. आयटीआयमध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. दहावी पास आणि १४ वर्षे पूर्ण, एवढे पुरते. पण पालकांच्या तोंडी आपले फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन! मुलींसाठी तर विचारही होत नाही. माझ्या भाचीने हा अभ्यासक्रम केला. आमच्या पीसीची तारीख रोज मागे जायची. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच गेला. तिने त्यावरचा, संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा बटणाएवढा सीआर २०३२ सेल बदलला, काम झाले. शाळांच्या संगणक कक्षांत धूळ खात पडलेली यंत्रे आयटीआयच्या या मुलांना सरावाला का देऊ नयेत?

– एक वाचक, सातारा