राँग आन्सर आल्यावर

प्रिय मनू,

प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नासाठी लिहिलेला तुझा कोड वाचला. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, वेगवेगळ्या सबस्ट्रिंग (सलग तुकडे) किती ते मोजायचं, स्ट्रिंगची लांबी २००० पर्यंत. प्रश्नातली उदाहरणं बरोबर येतात आणि सबमिट केलं की राँग आन्सर. त्यानंतर तू लूपची सीमा एकने वाढवलीस, इंटचे लाँग लाँग (मोठ्या संख्यांचा प्रकार) केलेस, ॲरे मोठा केलास. हे अंदाजपंचे बदल आधी काढून टाक. हॅश, म्हणजे प्रत्येक सबस्ट्रिंगसाठी तिच्या अक्षरांच्या आकड्यांवरून काढलेली एक संख्या, वापरायची तुझी कल्पना चांगली आहे, ती सोडू नकोस.

आता शेजारी एक साधा प्रोग्रॅम लिही: प्रत्येक सबस्ट्रिंग जशीच्या तशी सेटमध्ये (त्यात एक गोष्ट एकदाच राहते) टाकायची आणि सेटचा आकार छापायचा. हळू चालेल, चालू दे. मग रँडम स्ट्रिंग तयार कर. लांबी पाचपर्यंत, अक्षरं दोनच, ए आणि बी. सव्वीसही अक्षरं घेतलीस तर इतक्या छोट्या स्ट्रिंगमध्ये सहसा काही पुन्हा येतच नाही, आणि या प्रश्नात सगळी गंमत पुन्हा येण्यातच आहे. दोन्हींची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे थांब.

तुझ्या कोडवर मी हे चालवलं. 'एए' या स्ट्रिंगचं उत्तर २ हवं, तुझं १ येतं. कागदावर हॅश काढून बघ. तू ए ला ० आणि बी ला १ धरलंस, आणि आकड्याआधीच्या शून्यांनी किंमत बदलत नाही, म्हणून 'ए' चा हॅश ० आणि 'एए' चाही ०. 'बी', 'एबी', 'एएबी' या तिघींचा १. उदाहरणांत ए हे अक्षरच नव्हतं, म्हणून ती पास झाली. अक्षरांना १ पासून आकडे दे.

पण लगेच सबमिट करू नकोस. २००० अक्षरांत २०,०१,००० सबस्ट्रिंग असतात, म्हणजे त्यांच्या जोड्या सुमारे दोन लाख कोटी. तुझा मॉड, म्हणजे ज्या संख्येने भागून उरलेली बाकी हॅश म्हणून घेतली जाते ती, जेमतेम शंभर कोटींचा. सगळे हॅश एकाच सेटमध्ये टाकलेस तर दोन हजारांच्या आसपास जोड्या उगाचच एकमेकींवर आदळतील, आणि पाच अक्षरांच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नाही. दोन वेगळे मॉड घे. मॉड न घेता ६४ बिटांच्या ओव्हरफ्लोवर (संख्या मावली नाही की वरचा भाग आपोआप गळतो, त्यावर) विसंबू नकोस. त्याला पाडायला थ्यू-मोर्स स्ट्रिंग (दोन अक्षरांचा एक ठरावीक क्रम) मुद्दाम टेस्टमध्ये घालतात.

वेळ पुरेनासा झाला तर सेटऐवजी हॅश व्हेक्टरमध्ये (साध्या यादीत) भर आणि सॉर्ट करून मोज. नवा कोड झाला की पाठव, मी बघते.

तुझी,
आई