प्रगतिपुस्तक बाजूला ठेवून वह्या मागणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी, मुलगा पाचवीत असताना, तो लिहिण्या-वाचण्यात मागे पडतो म्हणून आम्ही दोघे त्याचे प्रगतिपुस्तक घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही ते न उघडताच बाजूला ठेवले आणि त्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत का, असे विचारले. पुढच्या खेपेस मी पिशवीभर वह्या आणल्या आणि तुम्ही दीड तास एकेक पान पाहत राहिलात. 'घर'चे 'धर' झालेले, 'भात'चा 'मात', वेलांटी भलत्याच अक्षराला, फळ्यावरून उतरवताना मधली ओळ गायब. लाल शाईखाली आम्हाला नुसत्या चुका दिसत होत्या. त्या चुका ठरावीक जागीच होतात, हे तुम्ही दाखवले. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर ती अक्षराच्या आधी काढावी लागते, ही उलटापालट बहुतेक मुलांच्या अंगवळणी पडते आणि आमच्या मुलाला मात्र ती दर वेळी नव्याने सोडवावी लागते, हे तुम्ही पेन्सिलीने लिहून समजावले, तेव्हा त्याचे वडील बराच वेळ त्या पानाकडेच पाहत होते.

'आळशी आहे, लक्ष नाही' हा शाळेचा शेरा आम्ही तोवर खरा मानला होता. अभ्यासाला बसवताना मी त्याच्यावर हातही उगारला आहे. हे सांगितल्यावर तुम्ही मला दोष दिला नाही, पण ते हसण्यावारीही नेले नाही. "त्याच्याशी एकदा मोकळेपणी बोला," एवढेच म्हणालात. मी बोलले. त्याबद्दल मी तुमची सर्वांत अधिक ऋणी आहे.

तीन महिन्यांत मूल 'बरे' करण्याची हमी देणारेही आम्हाला भेटले होते. तुम्ही मात्र निदानाची घाई केली नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बुद्ध्यांकाची आणि वाचन, लेखन, गणिताची चाचणी होऊ द्या, आणि अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या मूळच्या अडचणीचे, प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयाचेच घ्या, असा क्रम तुम्ही एका कागदावर लिहून दिला व तिथे अनेक चकरा माराव्या लागतील याची कल्पनाही दिली. त्यामुळे रजा वाया गेल्या तरी धीर सुटला नाही.

प्रमाणपत्र हाती आल्यावर परीक्षेत मदत मागितली, तर शाळेत "एकाला दिले तर सगळेच मागतील" असे ऐकावे लागले. तेव्हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे, हे तुम्ही दाखवलेत आणि मुख्याध्यापकांना द्यायचे पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलेत. त्या पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाचे गुण न कापणे यांतले काय, कोणत्या विषयाला आणि का हवे, एवढेच होते. 'सवलत' हा शब्द मला आजही खटकतो, कारण त्यात उपकाराचा वास येतो, पण त्या पत्रानंतर वर्गशिक्षिकांनी स्वतःहून त्याची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, हेही कृतज्ञतेने नोंदवते.

आता तो नववीत आहे. वाचन अजूनही सावकाशच आहे आणि ते तसेच राहू शकते, हे तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितले होते. एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून तुम्ही जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला खिडकी कापून दिली होती. ती कडेने फाटल्यावर त्याने स्वतःच दुसरी कापली आणि मागच्या आठवड्यात तशीच एक शेजारच्या तिसरीतल्या मुलीला करून दिली. तिची आई तुमचा पत्ता विचारत होती. मी तो दिला आहे, आणि आधी वह्या जमवायला सांगितल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थ्याची आई, डोंबिवली