ती ट्यूब आधी बाजूला ठेव

प्रिय मनू,

तुझे दोन्ही फोटो पाहिले. कमरेवरचा चट्टा गोल आहे, कड लालसर, खरखरीत आणि जराशी उचललेली, मधला भाग बराचसा साफ. गजकर्णच वाटतंय. दुसरा फोटो मैत्रिणीने दिलेल्या ट्यूबचा. त्यावरची बारीक अक्षरं मोठी करून वाचली. एक बुरशीवरचं औषध, एक जंतूंवरचं आणि तिसरं क्लोबेटासॉल. ते नाव वाचून फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘हो गं आई’ म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय.

लावायच्या स्टेरॉइडांमध्ये क्लोबेटासॉल सगळ्यात तीव्र गटात मोडतं. स्टेरॉइड पेशीत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटून केंद्रकापर्यंत जातं आणि दाह निर्माण करणारी रसायनं तयार होण्यालाच आळा घालतं. रक्तवाहिन्या आक्रसतात, लाली उतरते, खाज थांबते. इसब किंवा सोरायसिस असेल तर हेच हवं असतं, कारण तिथे दुखणंच मुळी त्या दाहाचं. गजकर्णात मात्र लाली आणि खाज म्हणजे तुझ्या शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेला झगडा. तो बंद पाडला की दोन-तीन दिवस छान वाटतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. कड पुसट होते, चट्टा पसरतो, आणि कधी कधी त्याचं रूप इतकं पालटतं की त्वचातज्ज्ञालाही चटकन ओळखू येत नाही. ‘पण त्यात बुरशीचं औषध आहेच की,’ असं तू म्हणशील. आहे. पण बुरशी घालवायला औषध आणि शरीर दोघांनीही झटायला हवं. एकाला कामाला लावून दुसऱ्याला खाली बसवण्यात काय हशील?

नुसतं बुरशीवरचं औषध वेगळ्या पद्धतीने काम करतं. क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन ही औषधं बुरशीला अर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. बुरशीच्या पेशीचं आवरण त्याच्यावरच उभं असतं. आपल्या पेशींमध्ये त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून बुरशी मरते आणि आपल्याला फारसा त्रास होत नाही. फक्त हे औषध चट्ट्याच्या कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. त्वचा साफ दिसायला लागली तरी पुढे एक-दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक लोक इथेच फसतात. खाज गेली की ट्यूब कपाटात, आणि पुढच्या महिन्यात चट्टा परत.

आता मुळातली गोष्ट. त्वचेचं काम बाहेरचं काही आत न येऊ देण्याचं आहे, आणि मलम नेमकं त्याच्या उलट करू बघतं. सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या चपट्या पेशी छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. बहुतेक अंगावर हा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, तरी 500 डाल्टनपेक्षा (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. (महागड्या क्रीममधलं कोलॅजन का शिरत नाही, याचं उत्तर तुला आयतंच मिळालं.)

शिवाय ही वाट अंगभर सारखी नाही. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड कुठून किती शोषलं जातं हे मोजलं. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला 1 धरलं तर कपाळावर 6, जबड्याच्या कोपऱ्यावर 13 आणि तळपायावर फक्त 0.14. म्हणजे तळपायाला चालणारं मलम चेहऱ्याला लावलं तर कितीतरी जास्त औषध आत जातं. तीव्र स्टेरॉइड चेहऱ्यावर, काखेत किंवा जांघेत बरेच दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ताणल्यासारखे पट्टे उमटतात. ते पट्टे पुरते जात नाहीत. माझं म्हणणं एवढंच की स्टेरॉइड वाईट नाही, पण ते उसनं घ्यायची वस्तू नाही.

किती लावायचं हेही सांगते, कारण ‘थोडंसं’ म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढ. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तेच औषध तेलकट मलमात असलं तर सहसा क्रीमपेक्षा जास्त मुरतं, कारण मलम ओलावा कोंडून ठेवतं. केसाळ जागी मात्र जेल किंवा लोशन बरं.

मुरुमांसाठी त्वचातज्ज्ञांनी दिलेलं अॅडापालीन तू दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलंस, तेही पुन्हा सुरू कर. मुरूम दिसायच्या कितीतरी आधी आत छिद्र बुजायला लागलेलं असतं. अॅडापालीन ते बुजणं रोखतं, आलेला फोड बसवणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. 12 आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नकोस. सुरुवातीला सालं निघतील, चुरचुरेल. एक रात्र सोडून लाव, सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं, वर मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन.

गजकर्णासाठी मात्र या आठवड्यातच त्वचातज्ज्ञाकडे जा. ही ट्यूब किती दिवस लावलीस ते लपवू नकोस. ते कडेची थोडी त्वचा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील, दुखत नाही. तोवर जागा कोरडी ठेव आणि टॉवेल कुणालाही देऊ नकोस. आणि हो, सकाळी लावतेस त्या बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा निळा कुर्ता घालायच्या आधी ते नीट वाळू दे.

तुझी,
आई