गोखले रोडच्या मोबाईलवाल्या दादांना

दादा, थँक्यू म्हणायला आले की तुमच्या काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी असतात आणि तुम्ही "हां ताई, चालतंय" म्हणून उडवून लावता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

मी ती कळव्याची डिप्लोमावाली, आईच्या फोनला स्क्रीन गार्ड लावायला आलेली, पिशवीत तो निळा बोर्ड. नॉर्डिक कंपनीचं एनआरएफ ५२८४० किट, म्हणजे ब्लूटूथ चिप बसवलेला प्रयोगाचा बोर्ड, फ्रिजमधलं तापमान फोनवर दिसावं म्हणून घेतलेला. चार दिवस लॅपटॉप त्याला ओळखतच नव्हता, ड्रायव्हर तीनदा टाकून झाले, एक मित्र तर विंडोजच फॉरमॅट कर म्हणाला (आणि मी करणारही होते!). बोर्डावर लाइट लागत होता ना, मग केबलवर कशाला संशय येईल. तुम्ही नुसती हातात घेतलीत आणि म्हणालात, "ही चार्जिंगची आहे ताई, हिच्यात दोनच वायरी." वर तशीच एक मेलेली केबल कापून दाखवलीत, लाल-काळी, बस्स. डेटाच्या हिरव्या-पांढऱ्या नाहीतच. तुमची केबल लावली आणि बोर्ड पेनड्राइव्हसारखा उघडला, मी दुकानातच ओरडले, सॉरी.

दुसऱ्या दिवशी परत आले कारण आईच्या जुन्या अँड्रॉइडवर बोर्डाचा ब्लूटूथ सिग्नल शोधला तर स्कॅनमध्ये काहीच दिसेना. तुम्हाला ब्लूटूथ लो एनर्जी (कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) वगैरे ठाऊक नाही म्हणालात, पण पहिला प्रश्न "लोकेशन चालू आहे का?" नव्हतं. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये लोकेशन बंद असलं की हे सिग्नल ॲपला दिसतच नाहीत, हे मी घरी येऊन वाचलं.

पण खरं थँक्यू तिसऱ्या गोष्टीसाठी. आजीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत राहायला हवं, लाइट गेली की आई दर तासाला फ्रिज उघडून बघते, आणि उघडूनच गरम करते, म्हणून हा उद्योग. मी कौतुकाने सांगत होते आणि तुम्ही स्क्रू फिरवता फिरवता विचारलंत, "सेल किती दिवस जाणार?" मी गप्प. रात्री हिशोब केला. बोर्डाच्या सीआर २०३२ या चपट्या बटण-सेलमध्ये साधारण २२० मिलिअँप-तास. मी शोभेला एलईडी सतत चालू ठेवला होता, तो ३ मिलिअँप जरी खात असेल तरी तीन दिवसांत सेल खलास! एलईडी काढला, सिग्नल १०० मिलिसेकंदांऐवजी दोन सेकंदांनी एकदा पाठवायला लावला, मधल्या वेळात चिप झोपते. सरासरी २० मायक्रोअँप (म्हणजे ०.०२ मिलिअँप) धरला तर कागदावर सव्वा वर्ष निघतं. फ्रिजचा पत्रा सिग्नल खातो, त्यामुळे फोन स्वयंपाकघरातच ठेवावा लागतो, ते बघू नंतर.

पैसे तुम्ही फक्त स्क्रीन गार्डचे घेतलेत. तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे, शनिवारी आणून देते. कापलेली मात्र देणार नाही, ती टेबलासमोर भिंतीला चिकटवलीय.