बरी झाली तरी माझा गडवा वेगळाच

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो, पण हातोहात फिरून सगळे वाचतात, म्हणून तुम्हालाच लिहून राहिली.

मला हेपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूनं लिव्हरला होणारा आजार, होता. होता म्हणते, कारण आता नाही. 1996 मध्ये मुलाच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या, त्यातूनच आला असेल असं डॉक्टर म्हणाले, त्या काळी रक्ताची सी साठी तपासणी सक्तीची नव्हती. पंचवीस वर्षं काहीच कळलं नाही, डोळे पिवळे नाही काही नाही, नुसता थकवा, अन तो वावरात जाणाऱ्या कोणत्या बाईला नसतो. मग तपासणीत निघाला. सरकारी दवाखान्यात तपासणी अन औषध फुकट मिळालं, 2018 पासून केंद्राचा तसा कार्यक्रमच आहे. 12 आठवडे रोज गोळ्या घेतल्या, कोर्स संपल्यावर पुन्हा 12 आठवडे थांबून आरएनए टेस्ट केली, रक्तात विषाणू सापडला नाही. मॅडम म्हणाल्या, "काकू, बऱ्या झाल्या तुम्ही, आता तुमच्यापासून कोणालाच लागण नाही."

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका दवाखान्यात गेली. तिथं रक्ताचा थेंब कार्डावर टाकला, दोन रेघा आल्या. पॉझिटिव्ह. बाहेर बाकड्यावर आमच्याच गावचे दोघं बसलेले अन सिस्टरनं दारातूनच आवाज दिला, सी वाली पेशंट कोण आहे. ऑपरेशन तर केलंच नाही, वरून मी घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली.

आता वेचणी सुरू आहे. पराटी वेचणाऱ्यांना माहीत आहे, वाळल्या बोंडाची टोकं नखापाशी घुसतात अन कापसाला रक्ताचा ठिपका लागतो, सगळ्यांच्याच लागतो. आता बाया माझ्या ओटीतला कापूस निरखून पाहतात. माझ्या गडव्याला कोणी हात लावत नाही. एकीनं तोंडावर सांगितलं, "काकू, तुमचं पाणी तुमच्यापाशीच ठेवा वो, लेकरंबाळं आहेत आम्हाला." तिचा राग नाही मला, कारण मी पण तेच केलं. चांगला रिपोर्ट हातात असून वर्षभर ताट, वाटी, गडवा वेगळा ठेवला. दोन वर्षाच्या नातीनं भाकरीचा उष्टा तुकडा माझ्या तोंडात कोंबला तर मी थुंकून टाकला, पोरगी भोकांड पसरून रडली, ते रडणं अजून माझ्या कानातून जात नाही.

शेवटी मॅडमकडे पुन्हा गेली तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितलं. कार्ड विषाणू पाहतच नाही, शरीरानं त्याच्याशी लढायला बनवलेल्या अँटीबॉडी पाहते, अन त्या बरं झाल्यावरही राहतात, बहुतेकांच्या जन्मभर. माझं कार्ड उद्या केलं तरी पॉझिटिव्हच येईल. विषाणू आहे का नाही ते आरएनए टेस्टच सांगते. अन हा रोग अंगात असतानाही उष्ट्यानं, पाण्यानं, जवळ बसल्यानं लागत नाही, तो रक्तातून रक्तात जातो. पाण्यातून येते ती ए अन ई ची कावीळ, आपण सगळ्यालाच कावीळ म्हणतो म्हणून घोळ होतो. माझ्या रक्तात विषाणूच नाही तर त्या कापसावरच्या ठिपक्यानं कोणाला काय होणार? हो, दूषित रक्ताशी संबंध आला तर बऱ्या झालेल्याला पुन्हा होऊ शकतो, याची लसही नाही, म्हणून जत्रेतली गोंदणाची सुई, दाढीचं ब्लेड, इंजेक्शन नवीनच पाहिजे, मलाही अन तुम्हालाही. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना वारंवार रक्त लागते, त्यांच्या मायबापानं ही तपासणी एकदा विचारून घ्यावी.

साहेब, एखाद्या डॉक्टरकडून हे सोप्या मराठीत लिहून छापा. अन दवाखान्यांनी कार्ड पॉझिटिव्ह आलं तर आधी पेशंटला हळू आवाजात विचारावं, उपचार झाला का, आरएनए रिपोर्ट आहे का. बरं झाल्याचा कागद मराठीत द्यावा. माझा रिपोर्ट इंग्रजीत आहे, मी वावरात नेऊन बायांना दाखवला तर म्हणे, यात काय लिहिलं आम्हाला काय कळते.

उजव्या डोळ्यानं अजून धूसरच दिसते. पुढच्या सोमवारी तोच रिपोर्ट घेऊन पुन्हा जाणार आहे.

नाव छापू नका, घरात मुलीसाठी स्थळं पाहणं सुरू आहे.

एक वाचक, जि. यवतमाळ