ढोकरीचा गुडघा उलटा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पक्षी सप्ताहातल्या एका चित्रकला स्पर्धेचा फोटो आला होता, पोरं चित्रं धरून उभी आहेत असा. नात त्यात होती म्हणून मी पण हॉलमध्ये होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण पोरांची काही चूक नाही आणि सगळीकडं हे असंच चालतं. पण पहिल्या नंबरच्या चित्रातला पोपट मी जवळ जाऊन बघितला तर फांदीवर पुढं तीन बोटं. पोपटाची पुढं दोन आणि मागं दोन असतात हो. पेरूच्या झाडावर पायात पेरू धरून खाणारा पोपट एकदा नीट बघितला तरी दिसतं, पण बघतंय कोण, निम्मी पोरं बाकाखाली मोबाईल धरून काढत होती आणि उरलेल्यांच्या आभाळात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी.

आता मी कोण बोलणारा, तर मी काही आर्टिस्ट नाही. सातपूर एमआयडीसीत टूलरूमला 34 वर्षं काढली, ड्रॉइंग म्हणजे माझ्यासाठी जॉबचं ड्रॉइंग, व्हर्नियर लावायचा आणि माप जुळलं नाही तर जॉब रिजेक्ट. रिटायर झाल्यावर डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून सोमेश्वरकडं नदीला जायला लागलो आणि तिथं एका ढोकरीनं धरून ठेवलं.

ढोकरी म्हणजे तो भुरका छोटा बगळा. पाण्याच्या कडेला मान खांद्यात घालून बसतो, थंडीत टपरीवर चहाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. बसलेला असतो तोवर मातीत माती, तुम्ही पाच फुटांवर जाईपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र. हा एवढा पांढरा रंग ठेवला होता कुठं, हे बघायला मी रोज थांबायला लागलो आणि मग नातीची जुनी वही आणि एक एचबी पेन्सिल खिशात घालून न्यायला लागलो.

पहिला महिनाभर चित्रं भयंकर. सगळ्यात जास्त अडलं ते पायापाशी. पक्ष्याचा गुडघा मागं वाकतो असं आपल्याला दिसतं, आणि मला मशीनवाल्याला तो सांधा कोणीतरी उलटा बसवल्यासारखा वाटायचा. त्याच्यावर पक्षी उभा केला की चित्रात तो पडायलाच यायचा. मग एका रविवारी घरी चिकन होतं, लेगपीस ताटात घेऊन मी सांधे हलवून बघत बसलो (बायको म्हणाली आधी जेवा, प्रयोग नंतर करा). तेव्हा उलगडलं. मांडी आणि तंगडीच्या मधला सांधा तो खरा गुडघा, तो आपल्यासारखाच पुढं वाकतो आणि जिवंत पक्ष्यात पोटाच्या पिसांत लपलेला असतो. तंगडीचं खालचं टोक म्हणजे घोटा, त्याच्या खालचा भाग चिकनवाला दुकानातच तोडून टाकतो. म्हणजे ढोकरी जन्मभर चवड्यावर चालते आणि आपण तिच्या टाचेला गुडघा म्हणतो. दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो तर तिनं डोकं खाजवायला पाय उचलला आणि पोटाजवळची पिसं आतून हलली, तिथं गुडघा आहे हे मला सरळ दिसलं. त्या दिवसापासून माझे पक्षी पडत नाहीत.

पक्षी थांबतच नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. नाही थांबत. म्हणून आधी दहा मिनिटं पेन्सिल काढायचीच नाही, नुसतं बघायचं, पाठीचा उतार किती, चोच कुठल्या कोनात. मग एका पानावर पाच-सहा अर्धवट पोज सुरू करून ठेवायच्या, कारण पक्षी फिरून फिरून त्याच पोजमध्ये येतो, आला की तिथून पुढं काढायचं. साळुंकीला हे जमत नाही, ती बाई एक सेकंद उभी राहत नाही. खोडरबर मी घरीच ठेवतो.

डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. रामसर म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी, 2019 ला तिच्यात आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा, आणि आपल्या जिल्ह्यात, निफाडची थंडी तेवढी सोसायची तयारी हवी. तिथं पक्षी लांब, डोळा-चोच काही दिसत नाही, पण त्याचाच फायदा झाला. नुसत्या काळ्या आकृत्या काढल्या आणि कळलं की बगळा उडताना मान दुमडून घेतो आणि चित्रबलाक नावाचा करकोचा सरळ लांब ताणतो. वारकरी नावाचा काळा पाणपक्षी बदकांच्या घोळक्यातसुद्धा कपाळाच्या पांढऱ्या टिळ्यावरून कळतो. रंगाची पेटी उघडायच्या आधीच निम्मी ओळख झालेली असते.

आता मूळ मुद्दा. माझी नात तीन रविवार माझ्याबरोबर चिखलात बसली आणि स्पर्धेत तिनं ढोकरी काढली, घोटा घोट्याच्या जागी. परीक्षक म्हणाले छान आहे, पण रंग जरा ब्राइट हवे होते, मोर वगैरे घ्यायचा. ती काही बोलली नाही, मला राग आला. ढोकरी भुरकी आहे म्हणूनच तर ती माशाला दिसत नाही, तिला ब्राइट करून ती जेवणार काय?

शाळांना एवढंच सांगणं की पुढच्या पक्षी सप्ताहात, 5 ते 12 नोव्हेंबरला, पोरांना हॉलमध्ये कोंडू नका. नदीवर न्यायला जमत नसेल तर शाळेच्या मैदानावरच बसवा, मोबाईल बाईंच्या टेबलावर, समोर जो कावळा, चिमणी, पारवा येईल तो काढायचा, अर्धा राहिला तर अर्धा. आणि आपल्याला विनंती, रविवारच्या पुरवणीत समोर बघून काढलेलं एक चित्र छापत जा, कसंही असू दे.

नातीची ढोकरी सोबत जोडली आहे. डाव्या कोपऱ्यात गोदावरीचा चिखल लागलाय, पुसायला गेलो तर पायाची रेघ जायला लागली म्हणून तसाच ठेवला.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर टूलरूमवाला, सातपूर, नाशिक