दुपारी बगीच्याले कुलूप कायले? नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री साहेब,
नमस्कार.

हे पत्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातून लिहून राह्यलो. तुम्ही म्हणाल झाडीपट्टीतला माणूस आहे, लिहायचं तर धानाच्या बोनसवर लिहावं, वाघावर लिहावं, याले नागपूरच्या बगीच्याचं काय पडलं. पडलं आहे साहेब. शहरातल्या बगीच्यात दुपारच्या टायमाले बसायची खरी गरज कोणाले असंल तर ती आमाले आहे, आणि नेमकं त्याच टायमाले बहुतेक ठिकाणी गेटले कुलूप असते. सकाळी उघडतात, दहा-अकरा वाजले की बंद, मंग डायरेक्ट चार-पाचले उघडतात. हा टाइमटेबल कोणी बनवला माहीत नाही पण ज्यानं बनवला त्याचं घर बगीच्यापासून चालत जायच्या अंतरावर असंल एवढं नक्की.

आमचा टाइमटेबल सांगतो. पहिली एसटी पकडायची, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठायचं. अगोदर इतवारीची छोटी गाडी होती, नॅरोगेज, ती नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, म्हणून सगळा भार एसटीवर. नागपुरात उतरलं की दवाखाना गाठायचा, चिठ्ठीची लाइन, मंग डॉक्टरची लाइन, मंग रक्त द्यायची लाइन. बारा वाजेपर्यंत लाइनी संपतात आणि सांगतात रिपोर्ट साडेतीन-चारले घेऊन जा. आता मधले चार तास म्हाताऱ्या माणसाले घेऊन जायचं कुठं? दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायले जागा नाही, तिथं छिंदवाडा-बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतचे लोक आधीच पथारी टाकून बसलेले. हॉटेलवाला चहा संपेपर्यंत बसू देते, दुसरा चहा घेतला तर आणखी दहा मिनिटं. मॉलमध्ये थंडगार असते म्हणतात, पण माझी माय सरकत्या जिन्याले भेते आणि खरं सांगू का, मी पण दारावरच्या गार्डले भेतो.

असंच एकदा मायले घेऊन एका बगीच्याजवळ गेलो, नाव नाही घेत कारण तो वॉचमन गरीब माणूस होता आणि त्याचा काही दोष नव्हता. जाळीतून आत दिसत होतं, कडुलिंबाची मोठी मोठी झाडं, खाली रिकामी बाकडी, एक माणूस पाइपनं गवताले पाणी मारत होता. मी म्हटलं भाऊ, म्हातारी आहे, जरा सावलीत बसू द्या, डब्बा खाऊन निघून जातो. तो म्हणे मावशी, माझ्या हातात असतं तर उघडलं असतं, पण ऑर्डर नाही, चार वाजता या. चार वाजता आमची रिपोर्टची लाइन. मंग आम्ही त्याच भिंतीले टेकून फुटपाथवर बसलो, भाकर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण खाल्लं. सावली होती म्हणा, आतल्याच झाडाची भिंतीवरून बाहेर आलेली फांदी होती. मायनं पाणी मात्र घोटभरच पिलं. का, तर लघवीले जायची सोय कुठं आहे माहीत नव्हतं. शहरात आली की ती दिवसभर अशीच कोरडी राहते, आणि तिच्यासारख्या बायका प्रत्येक एसटीत दहा-वीस तरी असतात, विचारून पहा.

आता गंमत पहा साहेब. सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या लोकांले एसटी फुकट केली, मार्च २०२३ मध्ये बायांले अर्धं तिकीट केलं. चांगलं केलं, कोणी काही म्हणो, यामुळं गावातली म्हातारी माणसं जी दवाखाना टाळत होती ती आता निघतात. म्हणजे सरकारच त्यांले शहरात आणून सोडून राह्यलं. आणि सोडल्यावर बसायले जागा? एसटीचं खातं म्हणंल ते आमचं काम नाही, दवाखाना म्हणंल आमचं नाही. ते बरोबरच आहे. बसायची जागा तुमच्या खात्याकडं आहे, तीही झाडं, बाकडी, वॉल कंपाउंडसकट तयार, नवीन जागा घ्यायले एक रुपया लागत नाही.

लोक म्हणतात तुमच्याकडं एवढं जंगल, तुमाले बगीच्याचं काय कौतुक. अहो, जंगल आहे म्हणूनच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड हा सगळा वाघाचा पट्टा आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडाले गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. मोहफुलं वेचणारी बाई झाडाखाली बसते तेव्हा तिची नजर चारी बाजूले असते. झाडाखाली पाठ टेकून डोळे मिटायचे ही गोष्ट आमच्या बायांनी किती वर्षांत केली नसंल. माय त्या जाळीतून आत पाहत म्हणाली, कशी निवांत सावली आहे वं! तिले फुलांचं कौतुक नव्हतं.

बरं, दुपारी बंद का ठेवतात, तर कारणं ठरलेली. एक, पोरं-पोरी जोड्या करून बसतात. बसू द्या ना बाप्पा, कोणाचं काय जाते? आणि ज्याले याची लईच चिंता आहे त्यानं हे पाहावं की रिकाम्या बगीच्यापेक्षा चार म्हाताऱ्या आणि दोन लेकरं डब्बा खात बसलेल्या बगीच्यात कोणी काही वावगं करत नाही. दोन, दारुडे-गर्दुल्ले येतात. ते तर कुलूप असलं तरी भिंतीवरून उड्या मारून येतात, कुलपानं फक्त आमच्यासारखे थांबतात. तीन, झाडलोट आणि पाणी द्यायचं असते. हे कारण खरं आहे, मी शेतकरी आहे, मले कळते. पण पाणी सकाळी लवकर द्यावं, भर दुपारी बारा वाजता पाणी मारून अर्धं उन्हातच उडून जाते, आणि झाडलोट अर्ध्या भागात आज अर्ध्या भागात उद्या करता येते. चार, चौकीदाराची दुपारची ड्यूटी द्यावी लागंल. द्या. आमच्या गावात पन्नास पोरं पोलीस भरतीसाठी रोडवर धावून धावून बुटाचे तळवे झिजवून राह्यले, माणसं काही कमी नाहीत.

आणखी एक मुद्दा उन्हाचा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ ले गेला होता, आणि आमची ब्रह्मपुरी तर दरवर्षी टीव्हीवर झळकते, बाकी कशासाठी नाही, तापमानासाठी. अहमदाबादनं २०१३ ले उष्णतेचा कृती आराखडा बनवला, देशात पहिला, मंग नागपूरसारख्या शहरांनीही केला. लू पासून वाचवायचं तर दुपारी बगीचे उघडे ठेवा हा त्यातला साधा सरळ उपाय आहे. कागदावर उपाय आहे म्हणजे तुमच्या लोकांले समजलेलं आहे की दुपारी माणसाले सावली लागते. मंग ते फक्त एप्रिल-मेपुरतं कायले? आमचे लोक ऑगस्टात नाही येत का? भादव्यातलं ऊन, ऑक्टोबरची हीट, पावसाची सर आली तर दोन मिनिटं आडोसा, हे बारा महिने लागते. आणि उन्हाळ्यातही ऑर्डर निघते एक आणि गेटवर लागते दुसरंच, तो वेगळा विषय.

मालकीचा घोळ पण सांगून ठेवतो कारण तुमच्या टेबलावर हेच उत्तर येईल. नागपुरातच पहा, महाराजबाग भोसल्यांच्या काळची, तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४ पासूनचं, ते आहे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडं. सेमिनरी हिल्सवरचं बालोद्यान आणि जपानी गार्डन वनखात्याकडं. बाकी बगीचे महापालिकेचे, काही नागपूर सुधार प्रन्यास नावाच्या सरकारी संस्थेनं बनवलेले, लेआउटमधले तर सोसायटीवालेच चालवतात. गोरेवाड्याची सफारी २०२१ ले सुरू झाली ती आणखी वेगळ्यांची, तिथं आम्ही जात नाही, ती दूर आहे आणि खर्चाची आहे, ते पर्यटन झालं. तर आता एका गावच्या माणसानं कोणता बगीचा कोणाचा आणि कोणता कधी उघडते हे कसं पाठ करावं? महापालिका आणि प्रन्यास दोन्ही तुमच्याच खात्याखाली येतात. बाकीच्या दोघांले, म्हणजे कृषी आणि वनमंत्र्यांले, तुम्ही कॅबिनेटमध्ये बाजूच्या खुर्चीवर बसून सांगू शकता.

लेआउटच्या बगीच्याबद्दल एक वाक्य. नियमानं लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तिथं मंग बगीचा होतो, आमदार निधीतून झुले लागतात, आणि गेटवर बोर्ड लागते ‘फक्त रहिवाशांसाठी’. निधी सरकारचा आणि बोर्ड असा, हे जरा तपासा.

तिकिटाचंही पहा. मुंबईच्या टाटा दवाखान्यात आमच्या विदर्भातले कितीतरी पेशंट जातात, नातेवाईक तिथं फुटपाथवर राहतात हे सगळ्या महाराष्ट्राले माहीत आहे. तिथून राणीबाग काही फार दूर नाही, १८६१ पासूनची बाग, मोठमोठी जुनी झाडं, आणि ती भर दुपारी उघडी असते, हे मानलं पाहिजे. पण २०१७ ले तिचं तिकीट ५ रुपयांवरून डायरेक्ट ५० केलं. पेंग्विन पाहायचे त्यानं द्यावे ५०, पण ज्याले फक्त झाडाखाली तासभर बसायचं आहे त्याच्यासाठी ५० म्हणजे एका टायमाचं जेवण आहे. दिल्लीचं लोधी गार्डन पहा, दिवसभर उघडं आणि फुकट, लोक घरून डबे घेऊन येतात, गवतावर चादरी टाकून झोपतात, त्या सुलतानांच्या मकबऱ्यांले काही झालं नाही अजून. आपल्याकडं बोर्डावर पहिलं वाक्य काय, तर गवतावर बसू नये, दुसरं डबा खाऊ नये, तिसरं झोपू नये. बाकड्याच्या मधात लोखंडी दांडा ठोकतात म्हणजे कोणी आडवं होऊ नये. ज्यानं पहाटे चारले उठून गाव सोडलं तो आडवा होणार नाही तर काय होईल?

आणि नवीन बगीचे बनवता त्यात झाडं लावा हो, झाडं. आजकाल पाहून राह्यलो, पेव्हर ब्लॉक, पाम, कापून चौकोनी केलेली झुडपं, लाइटिंग, कारंजं, सेल्फी पॉइंट, आणि दुपारी बसायले हातभर सावली नाही. तो बगीचा रात्री फोटो काढायले बनवला आहे. ठेकेदाराले पाम परवडतो, लवकर बिल निघते, चिंच वाढायले वीस वर्षं लागतात तोपर्यंत त्याचं टेंडर संपते. कडुलिंब लावा, चिंच लावा, जांभूळ, मोह लावा. मोहाची तर आमच्याकडून पाहिजे तेवढी रोपं फुकट नेऊन जा. १९७५ चा झाडांचा कायदा जुनं झाड तोडाले अडवते, पण नवीन बगीच्यात सावलीचंच झाड पाहिजे असं काही तुम्ही लिहून काढलं तर बरं होईल.

मागणी एवढीच आहे. एक जीआर काढा, सगळ्या महापालिका आणि प्रन्याससाठी, की बगीचे सकाळपासून रात्रीपर्यंत सलग उघडे राहतील, मधात बंद नाही. सुरुवात करायची असंल तर मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, कोर्टाच्या आणि बसस्टँडच्या जवळचे बगीचे आधी घ्या. आत प्यायचं पाणी आणि बायांसाठी चालू स्थितीतलं संडास, ज्याची किल्ली कोणाच्या खिशात नसंल असं. बसस्टँडवर आणि दवाखान्याच्या चिठ्ठीच्या खिडकीजवळ एक बोर्ड, मराठीत आणि हिंदीत, की सगळ्यात जवळचा बगीचा इकडं आहे, इतक्या अंतरावर.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात येताच. लंच ब्रेकमध्ये एक दिवस गाडीतून उतरा आणि विधानभवनाच्या आसपासचा कोणताही बगीचा दुपारी एक वाजता उघडा आहे का पाहून या, पायलट गाडी काही नको, नाहीतर ते तुमाले पाहून उघडतील. जीआर निघाला तर त्याची कॉपी आमच्या नागभीडच्या एसटी स्टँडवर पण लावा, सकाळच्या पहिल्या गाडीले लोक तिथंच उभे असतात.

आपला,
नागभीड तालुक्यातला एक धान शेतकरी